बायकांना नकाशा कळत नाही?

प्रश्न : मी मादन हिप्परग्याची. वर्षभर झालं, गाडी चालवते. उमरग्याहून घरी येताना फोनमधला नकाशा बघून हमखास उलट्या बाजूला वळते. घरातले म्हणतात, बायकांना नकाशा कळतच नाही. खरं आहे का हे?

उत्तर : ताई, आधी नकाशा कसा लावलाय ते बघा. वरच्या बाजूला उत्तर धरली असेल, तर उमरग्याहून तुमच्या गावाकडं, म्हणजे आळंदच्या बाजूला येताना गाडी दक्षिणेला, म्हणजे पडद्यावर वरून खाली सरकते. मग उजवीकडचं वळण डाव्या हाताला दिसतं. ते मनात फिरवून घ्यायचं, तेही गाडी धावत असताना! आकृती मनातल्या मनात फिरवण्याच्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी वर येते, हे खरं. पण ती सरासरी. त्यावरून एकटीदुकटीबद्दल काहीच ठरत नाही.

कॅरल लॉटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये दाखवलं, की बायका बहुधा वळणांच्या क्रमानं रस्ता धरतात, पुरुष दिशेच्या अंदाजानं. यात कमी-जास्त काही नाही, रीत वेगळी. पण पडदा एकाच रीतीला धरून आखला, की दुसरीवाल्याला तो अवघड जातो. आणि चूक मात्र चालवणारीच्या माथी!

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो ‘सी हिरो क्वेस्ट’ या फोनवरच्या खेळातून निघालेला निष्कर्ष. लाखो लोक तो खेळले. २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की जिथं स्त्री-पुरुष समानता जास्त, त्या देशांत वाट शोधण्यातला दोघांमधला फरक कमी. एकटीनं हिंडायची मुभा किती मिळाली, याचा यात वाटा असणार, असं मला ठामपणे वाटतं. त्याच खेळावरून २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट कळली : शहराबाहेर वाढलेली माणसं वाट शोधण्यात सरस ठरतात. तुम्ही तर गावातल्याच.

आपल्याकडं देऊळ, पंप, तिट्टा सांगूनच रस्ता दाखवतात, पुरुषसुद्धा. म्हणून तर गूगलनं २००९ मध्ये भारतातल्या मार्गदर्शनात अशा खुणा घातल्या.

आता गाडी उभी असताना नकाशावरच्या होकायंत्राच्या खुणेवर बोट टेकवा. जायची दिशा वर येईल, उजवं वळण उजवीकडंच दिसेल. आवाजही चालू ठेवा. आणि पुढच्या दोन-चार खेपा शेजारी सांगणारं कुणी न घेता करा.