आपल्या कामाचा ऑनलाइन ग्रुप शोधायचा कसा?



मागच्या वर्षी आपल्या एका सभासदाने खाडीत पिंजरा टाकला. चोणकाची हजार पिल्लं आणून सोडली. सुरुवातीला सगळं बरं होतं, मग पिल्लं रोज थोडी थोडी कमी व्हायला लागली. मेलेली तरंगताना दिसत नव्हती, जाळीही फाटलेली नव्हती. कोणी म्हणालं चोरी, कोणी म्हणालं पाणमांजर. त्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल तीन गुड मॉर्निंग आले, एक वाढदिवसाचा केक आला, आणि एकाने लिहिलं, "देव बघून घेईल."

निम्मी पिल्लं गेल्यावर कळलं की मोठी पिल्लंच लहानांना खात होती. चोणकाची जातच तशी. आपल्या निम्म्या आकाराचं पिल्लू तो सहज गिळतो. म्हणून पिल्लं लहान असताना दर काही दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. चोणक पाळणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आपल्या ग्रुपवर तीनशे माणसं होती, पण पिंजरा टाकलेलं एकही नव्हतं. माणूस विचारायला चुकला नाही, विचारायची जागा चुकली.

अशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे लिहितोय.

१) आधी विषय बारीक करा

नुसतं "मासेमारी" टाकून शोधलं तर गळ टाकणारे हौशी लोक, रेसिपी आणि मोठ्या माशाबरोबर काढलेले फोटो मिळतील. आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा. "खाडीत पिंजऱ्यातलं चोणक पालन", "दोरीवर शिनाण्यांची शेती", "आऊटबोर्ड मशीन पाणी कमी फेकते" असं. मशीनचा प्रश्न असेल तर मशीन होडीला बसवायच्या ब्रॅकेटवर एक पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर टाकून शोधा. नुसत्या कंपनीच्या नावाने शोधाल तर मोटारसायकलवालेही त्यात येतील.

२) माशाचं परगावचं नाव माहीत करून घ्या

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. आपण ज्याला चोणक म्हणतो तो महाराष्ट्रात जिताडा, बंगालमध्ये भेटकी, केरळात काळांजी, इंग्रजीत एशियन सीबास आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. "चोणक" टाकलंत तर जास्त करून हॉटेलातला रवा फ्राय दिसेल. "सीबास केज फार्मिंग" किंवा "बारामुंडी" टाका, पाळणाऱ्यांचे ग्रुप समोर येतील.

शिनाण्यांचंही तसंच. केरळात त्यांना कल्लुम्मक्काय किंवा कडुक्का म्हणतात. कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या खाडीत बायकांचे बचत गट कित्येक वर्षं दोरीवर त्यांची शेती करतायत. आपलं कालुंदर म्हणजे त्यांचं करिमीन. ज्या गावात जो धंदा चालतो, त्या गावच्या शब्दाने शोधायचं.

शास्त्रीय नाव सगळीकडे एकच असतं. चोणकाचं लेट्स कॅल्केरिफर, शिनाण्यांचं पेर्ना विरिडिस. स्पेलिंग कॉलेजात जाणाऱ्या पोरांकडून लिहून घ्या. भाषा येत नाही म्हणून अडू नका, फेसबुकवर बऱ्याच पोस्टखाली भाषांतराचं बटण असतं.

३) कुठे शोधायचं

फेसबुकवर शब्द टाकून वर "ग्रुप्स" दाबा, म्हणजे नुसते ग्रुपच दिसतील. टेलिग्रामवरही उघडे ग्रुप नावाने शोधता येतात. यूट्यूबवर चांगला व्हिडिओ सापडला तर खालच्या कमेंट वाचा, तिथे विचारणारे आणि सांगणारे दोघंही भेटतात. व्हॉट्सॲपचे ग्रुप मात्र असे शोधून सापडत नाहीत, आतल्या माणसाने लिंक द्यावी लागते. म्हणून प्रशिक्षणाला गेलात तर नुसतं सर्टिफिकेट घेऊन परत येऊ नका, बाजूला बसलेल्याचा नंबर घ्या. आपल्याला जवळ म्हणजे कारवार. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्राने पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनावर बरंच काम केलंय.

४) ग्रुपची पारख

सभासद किती आहेत हे बघू नका. चाळीस हजारांच्या ग्रुपपेक्षा दोनशे कामकरी माणसांचा ग्रुप बरा. हे बघा:

– मागच्या आठवड्यात कोणी प्रश्न विचारला का? त्याला उत्तर मिळालं का?
– उत्तर देणारा स्वतःच्या पिंजऱ्याचे, मशीनचे फोटो टाकतो का?
– लोक नुकसानही सांगतात का? सगळ्यांना फायदाच होत असेल तर तिथे कोणीतरी काहीतरी विकतंय.
– ॲडमिन जाहिराती काढून टाकतो का?

आत घेताना दोन-तीन प्रश्न विचारले तर नीट उत्तरं द्या, रिकामे सोडलेत तर बहुतेक वेळा आत घेत नाहीत. आणि विचारण्याआधी ग्रुपमधल्या भिंगाच्या खुणेवर शोधा, तुमचा प्रश्न आधीच कोणीतरी विचारलेला असेल.

५) विचारायचं कसं

"पिल्लं कमी होतायत, उपाय सांगा" याला कोण काय सांगणार? असं लिहा: "खाडीत ४ बाय ४ मीटरचा पिंजरा. चोणकाची १००० पिल्लं, आणली तेव्हा ३ इंच. दोन महिने झाले. आता काही ६ इंच, काही अजून ३ इंचच. मेलेली दिसत नाहीत. दिवसातून दोनदा तारले कापून घालतो." सोबत फोटो टाका.

आपल्या सभासदाने एवढं लिहिलं असतं तर लिहिता लिहिताच "काही ६, काही ३" हे त्याच्या डोळ्यांत भरलं असतं. आणि उपाय लागू पडला की नाही ते परत येऊन सांगा. तसं सांगणाऱ्याला पुढच्या वेळी लोक आपणहून मदत करतात.

६) सांभाळायच्या गोष्टी

– स्वस्त पिल्लं, जुनं मशीन म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर पाठवू नका. माल डोळ्यांनी बघा. फसलात तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.
– व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, आणि तिथे "माय कॉन्टॅक्ट्स" करून ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढणार नाही. घरातल्या बायका-मुलींच्या फोनवर आधी करा.
– मासे लागलेल्या जागेचा जीपीएस टाकू नका.
– वाऱ्या-वादळाची बातमी कुठल्याच ग्रुपवरून खरी मानू नका. हवामान खातं आणि हैदराबादचं इन्कॉइस काय सांगतं ते बघूनच होडी काढा. समुद्रात अडचण आली तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४.

आपल्या त्या सभासदाने यंदा पुन्हा पिल्लं सोडलीत. आता तो ती वेळेवर निवडून वेगळी करतो, आणि ज्या ग्रुपवर शिकला तिथे नवीन माणसांना सांगतोही.

जून-जुलैच्या बंदीत होड्या वर असतात, हातात वेळ असतो. फोन घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून शोधूया. तुम्हाला कुठल्या विषयाचा ग्रुप हवाय ते खाली कमेंटमध्ये लिहा. एकाच विषयाचे चार जण निघाले तर आपलाच एक ग्रुप करू.

– सचिव