रंग तिच्या हाती राहू दे

चि. बाळे,


तुझं पत्र मिळालं. छकुलीला आता दोन वर्षं होतील. रंग दिले की पाच मिनिटांत ती सगळ्याचा चिखल करते, भिंतीवर लावावं असं एकही चित्र निघत नाही, आणि प्लेग्रुपला जाणारी शेजारची मुलं मात्र कापसाचे ससे नि कागदाची फुलपाखरं घरी आणतात. ‘माझं काही चुकतंय का?’ असं तू विचारलंस. सारी नोकरी बालवाडीत झालेली मावशी तुला खात्रीने सांगते, चुकत नाहीये. त्या सशांमध्ये बाईंच्या हाताचं काम जास्त असतं; मुलाच्या वाट्याला कापूस चिकटवण्यापुरतंच येतं. दोन वर्षांच्या वयात रंग कालवताना हाताला आणि डोळ्यांना काय कळलं, ते मोलाचं. कागद नंतर रद्दीत गेला तरी चालेल. तुझं काम रंग मांडून देण्यापर्यंतचं. तिचं बोट रंगात बुडालं की तुझे हात मांडीवर.

आता चिखल का होतो ते बघ. प्रत्येक रंगद्रव्य उजेडातला काही भाग शोषून घेतं आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे पाठवतं. पिवळा रंग उजेडातला निळा भाग गिळतो, निळा रंग तांबडा भाग गिळतो. दोघे एकत्र आले की मुख्यतः हिरवा तेवढा उरतो. त्यात लाल घातलास की तो हिरवाही गिळतो, आणि मग शिल्लक राहतो तो मळकट तपकिरी. तू तिच्यापुढे सहा रंगांची पेटी ठेवतेस, म्हणून दर वेळी शेवट तपकिरीवरच होतो. एका बैठकीला दोनच रंग दे. आठवडाभर पिवळा आणि निळा, पुढच्या आठवड्यात पिवळा आणि लाल. पिवळा भरपूर, दुसरा अगदी थोडा. निळा फार जोरकस असतो, त्याच्या चमचाभरात वाटीभर पिवळा बुडून जातो.

लाल-निळ्याची जोडी फसवी आहे. शेंदरी छटेच्या लालमध्ये पिवळा दडलेला असतो, म्हणून तो निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी काळपट तपकिरी येतो. राणी रंग घे, जांभळा स्वच्छ उतरेल. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. तिला समजावायला जाऊ नकोस.

बाजारातला महागडा रंगसंचही नको. अर्धी वाटी मैदा दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मंद आचेवर ढवळत राहा आणि चकाकी येऊन दाट झाली की उतरव. ही आपली नेहमीची खळ. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्यांत काढ आणि प्रत्येकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब घाल. बोट तोंडात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. फ्रीजमध्ये दोनेक दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यायची. रांगोळीची पूड आणि रंगपंचमीचे रंग मात्र या वयाच्या मुलाच्या हाती अजिबात देऊ नकोस. त्यांत काय असतं याचा भरवसा नसतो, आणि पूड नाकाडोळ्यांत जाते.

ओल्याला हात लावायला ती कचरत असेल तर कणकेचे दोन रंगीत गोळे दे. मळताना पिवळ्यानिळ्याचे पट्टे बराच वेळ वेगवेगळे दिसतात आणि मग हळूहळू एकमेकांत जिरतात. मिसळण्याची क्रिया इतकी सावकाश दुसऱ्या कशात दिसत नाही.

बालवाडीत एका मुलीला मी अगदी जवळून पाहिलं होतं. डावा तळवा पिवळ्यात, उजवा निळ्यात. दोन्ही हात ती कागदावर एकमेकांकडे सरकवत होती. मध्ये गाठ पडली तिथे हिरवी रेघ उमटली आणि ती थबकली. तळवा उलटा करून पाहिला: बोटांच्या बेचक्यांत हिरवं, मनगटाशी अजून पिवळंच. तोच हात तिने पुन्हा पिवळ्या वाटीत घातला आणि त्याच रेघेवरून फिरवला. रेघ पोपटी झाली. मग निळा हात फिरवला, रेघ गडद झाली. पुन्हा पिवळा. एक अक्षरही न बोलता ती स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर हातांनी शोधत होती. त्या घडीला मी ‘पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा’ असं म्हटलं असतं, तर तिने कागदावरची नजर उचलून माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. शोध तिथेच थांबला असता.

म्हणून बोलशील ते बेताने. ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न विचारू नकोस. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली बालचित्रांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चित्रकलेची पहिली पायरी गिरगोट्यांची सांगितली आहे, साधारण दोन ते चार वर्षांची. या पायरीच्या सुरुवातीला मूल काहीच ‘काढत’ नसतं; हात फिरवण्याचाच आनंद घेत असतं. आपल्या रेघांना ते नाव देऊ लागतं ते पुढे. आपण आधीच विचारलं तर आपल्याला खूश करायला ते काहीतरी नाव ठोकून देतं. ‘हा कुठला रंग?’ ही परीक्षाही नको. या वयात रंगांची नावं तोंडात असतात, पण कुठलं नाव कशाचं हे पक्कं नसतं. तीच बघून थांबली, तुझ्याकडे वळली, तर जे दिसतंय तेवढं सांग: ‘इथे पोपटी झालंय. इथे मोरपंखी.’ शब्द तिच्या नजरेच्या मागून यावा.

कधी बदल म्हणून गोकर्णीची निळी फुलं कोमट पाण्यात चुरून दे. पाणी निळं होईल. त्यात लिंबाचे चार थेंब तू पिळ, ते जांभळं होईल. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकलास तर ते तांबूस होतं. हा बदल रंग मिसळून होत नाही. आंबट किंवा क्षार लागल्याने मूळचाच रंग पालटतो. हळदीचं कुंकू करताना चुना घालतात तो याचसाठी. पण चुन्याची डबी तिच्यापासून लांब ठेव, डोळ्यात गेला तर फार इजा करतो. हळद कपड्यांना लागली तर धुऊन कडक उन्हात टाक, डाग पुष्कळ फिका पडतो.

तू शिक्षकी पेशातली नाहीस म्हणून संकोचतेस, पण याला पदवी लागत नाही, महागडी साधनंही लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षण केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या, पुढे हे काम कोसबादला गेलं. परदेशी महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा या दोघींनी गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून शिक्षणाची साधनं उभी केली. मुलाच्या हाताला काम द्यायचं आणि मोठ्यांनी बाजूला बसून निरखायचं, ही आपल्याकडच्या बालशिक्षणाची जुनी शिस्त आहे.

फरशीवर जुनी चादर अंथर, तिला जुना सदरा घाल, ओलं फडकं जवळ ठेव आणि आंघोळीच्या आधीची वेळ निवड. दहा मिनिटांत उठून गेली तर जाऊ दे, अर्धा तास रमली तर बसू दे. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. आणि सगळं कालवून तिने तपकिरी केलंच, तर ‘घाण केलंस’ असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. तोही तिने स्वतः मिळवलेला रंग आहे.

घरातली मोठी माणसं विचारतील, हिने शेवटी काढलं काय? त्यांना छकुलीशेजारी बसव आणि तिच्या हातांकडे बघायला सांग. सोसायटीच्या गणेशोत्सवात रंगभरण स्पर्धा असते, तिथे एवढ्यात तिला बसवू नकोस. रेघेच्या आत रंगवायला शिकायला पुढे सगळं आयुष्य आहे. ही एक-दोन वर्षं रंग तिच्या हाती राहू दे, आणि तिच्या मागून हात धरून कागदावर फिरवण्याचा मोह तेवढा आवर.

तुझी,
मावशी