अनेक संगणक, एक कुलूप

एका खात्यांत ५०० रुपये शिल्लक आहेत, अशी कल्पना करा. दोन कारकुनांनीं एकाच क्षणीं तो आंकडा वाचला. एकानें १०० रुपये जमा धरून ६०० लिहिले; दुसऱ्यानें २०० रुपये जमा धरून त्याच जागीं ७०० लिहिले. खरी शिल्लक ८०० हवी होती. परंतु वहींत ७०० च राहिले. कोणीहि चोरी केली नाहीं, दोघांचीहि बेरीज बिनचूक, तरी खातेदाराचे १०० रुपये नाहींसे झाले! हा अनर्थ संगणकांच्या समूहांत कसा टाळतात, तें प्रस्तुत लेखांत आम्ही थोडक्यांत सांगणार आहोंत.

उपाय दिसावयास सोपा आहे. एकेरी लोहमार्गावर चालकाच्या हातीं टोकन पडल्यावांचून गाडी पुढें जात नाहीं. आणि टोकन एका वेळीं एकाच गाडीस मिळतें. त्याचप्रमाणें वहीस कुलूप असावें व किल्ली असेल त्यानेंच लिहावें. संगणक एकटा असेल तर किल्ली सांभाळणें कठीण नाहीं. पण अनेक संगणक एकाच तबकडीवरील माहिती वापरूं लागले कीं प्रश्न उभा राहतो : किल्ली कोणीं सांभाळावी?

अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९८३ सालीं ‘व्हॅक्सक्लस्टर’ नांवाचा संगणकसमूह जाहीर केला. त्याच्या कुलूप-व्यवस्थापकाची रचना मनन करण्यासारखी आहे. त्यांत किल्ल्यांचा एकच मुख्य भांडारी नाहीं. हें काम सर्व यंत्रांत वांटलेलें असतें. प्रत्येक वस्तूस नांव असतें. त्या नांवावर ठराविक गणित केलें म्हणजे तिची नोंद कोणत्या यंत्राकडे आहे तें कळतें. आणि त्या वस्तूच्या कुलुपांचा कारभार कोणाकडे आहे, तें तें यंत्र सांगतें. कारभारी अद्याप नसेल, तर प्रथम मागणी करणारें यंत्रच कारभारी होतें.

कुलुपेंहि एकाच जातीचीं नसतात. त्यांचे सहा प्रकार आहेत. वाचणारे अनेक असले तरी एकमेकांस बाधा होत नाहीं. म्हणून त्यांस एकत्र प्रवेश मिळतो. सर्वांत कडक कुलूप घेणारा मात्र एकटाच आंत जातो. इतरांस रांगेंत थांबावें लागतें.

येथें दोन संकटें संभवतात. पहिलें असें : रामजवळ पहिली किल्ली आहे व त्यास दुसरी हवी, गोविंदाजवळ दुसरी आहे व त्यास पहिली हवी. दोघेहि जन्मभर थांबतील! म्हणून व्यवस्थापक कोण कोणासाठीं थांबला आहे याची सांखळी तपासतो, आणि ती फिरून स्वतःशींच मिळाली तर एकाची मागणी नाकारून पेंच सोडवितो.

दुसरें संकट अधिक गंभीर आहे. एखादें यंत्र बंद पडलें तर उरलेलीं यंत्रें कारभाराची नव्यानें वांटणी करतात व त्याचीं कुलुपें सोडवितात. पण यंत्र जिवंत असून केवळ मधली तार तुटली असेल तर? दोन्ही बाजूंस दुसरी मेली असेंच वाटेल, व एकच किल्ली दोघांस दिली जाईल. यावर तोडगा बहुमताचा. तीन यंत्रांस प्रत्येकीं एक मत असेल, तर निदान दोन मतें जेथें एकत्र असतील तेथेंच काम चालतें; एकटें पडलेलें यंत्र स्वस्थ राहतें. काम थांबलें तर थोडा वेळ जातो. चुकीचें लिहिलें तर वहीच खोटी ठरते.

हीच विचारसरणी पुढें इतरत्रहि गेली. २००६ सालीं लिनक्सच्या २.६.१९ या आवृत्तींत असा व्यवस्थापक समाविष्ट झाला.

एक गोष्ट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हें कुलूप लोखंडाचें नव्हे. किल्ली न मागतांच जो कार्यक्रम थेट वहींत लिहूं लागेल, त्यास व्यवस्थापक अडवूं शकत नाहीं. सर्वांनीं आधीं विचारावें, हा नियम सर्वांनीं पाळला तरच खातेदाराचे १०० रुपये सुरक्षित राहतात.