तोडणी झाली, खोडव्याचे काय?



या सदरात आम्ही नेहमी लागण, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय निराळा आहे, पण आपल्या शिवारापासून लांबचा नाही. उसाच्या मळीपासूनच मद्यार्क तयार होतो, आणि बिल जमा झाले की त्यातला काही भाग कुठे जातो हे गावात सर्वांना ठाऊक असते.

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्या एका जुन्या सभासदांचा मुलगा मुंबईजवळ भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे. पॉलिशच्या मशीनवर बारा तास उभे राहायचे आणि रात्री पाच जणांच्या खोलीत पाठ टेकायची. झोप यावी म्हणून क्वार्टर सुरू झाली. पुढे सकाळी हात थरथरू लागले, मग सकाळीही लागू लागली. वडिलांनी त्याला तीनदा गावी आणले, गळ्यात माळ घातली, देवापुढे शपथ घ्यायला लावली. तिन्ही वेळा शपथ मोडली. तिसऱ्यांदा तर बिल जमा झाले त्याच दिवशी. त्या दिवशी गटऑफिसात चारचौघांसमोर आम्हीही त्याला नाही नाही ते बोललो. तो मान खाली घालून गेला आणि रात्री आणखी पिऊन आला.

"साहेब, पोरगं हातचं गेलं," तात्या म्हणाले. मग आम्ही डॉक्टरांशी बोललो, थोडे वाचन केले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

व्यसन जडते कसे?

"हे चांगले आहे, पुन्हा कर" असे शिकवणारी एक व्यवस्था मेंदूत असते. डोपामिन नावाचे द्रव्य तिचा निरोप पोचवते. दारू, तंबाखू, गर्द हे पदार्थ ही व्यवस्था फाजील जोराने हलवतात. रोज तसे झाले की मेंदू बधिर होतो आणि पूर्वीच्या घोटात भागत नाही. पुढे माणूस मजेसाठी पीत नाही. थरथर, घाम आणि धास्ती टळावी म्हणून पितो.

जुगारात तर पोटात काहीच जात नाही, तरी तो सुटत नाही. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारली की दरवेळी दाणा मिळणारे कबूतर, दाणे बंद होताच लवकर थांबते. कधी मिळतो, कधी नाही अशी सवय लागलेले मात्र कितीतरी वेळ टोचत राहते. मटक्याचा आकडा आणि मोबाईलवरची पैशाची रमी याच गाठीवर माणसाला बांधतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्राने कायद्याने बंदी आणली. पण नुसत्या कायद्याने सवय जात नाही.

खोडव्याचा नियम

ऊस जमिनीलगत तोडला तरी खालचे डोळे जिवंत असतात. पाणी मिळाले की फुटवे येतात. दारू बंद करणे ही फक्त तोडणी झाली. मेंदूतली आठवण आणि ज्या दुःखावर उतारा म्हणून ती घेतली ते एकटेपण, काळजी, अपमान हे सगळे जमिनीखाली तसेच राहते. मग त्याला पाणी कशाचे मिळते? त्या मुलाला जवळ बसवून आम्ही वहीत लिहून काढले: पगाराचा दिवस, जुने सोबती, रिकामे पोट, राग, जागरण. आणि शेवटी त्याने हळूच सांगितले, "साहेब, तुम्ही बोलला तो दिवस." शरमेने पिणारा सुधारत नाही, शरम बुडवायला आणखी पितो.

भाईंदरची सभा

१९३५ साली अमेरिकेत शेअरबाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांच्या आधाराने सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तिच्या भाईंदरमधल्या एका खुल्या सभेला आम्ही तात्यांना घेऊन गेलो. उपदेश कोणीच केला नाही. रिक्षावाले, नोकरदार, एकेकाने उठून आपली हकिगत सांगितली. एक गृहस्थ म्हणाले, "अकरा वर्षं झाली, पण आजचा दिवस मला आजच सांभाळायचाय." बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "साहेब, मला वाटलं हुतं, माझंच एकलं पोरगं असलं हाय."

खाडीपलीकडे वसईत 'कृपा फाउंडेशन'चे केंद्र आहे. स्वतः दारूतून बाहेर आलेले फादर ज्यो परेरा यांनी ही संस्था १९८१ साली वांद्र्यात सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढले, त्याला पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी मोठा हात दिला.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

१. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

२. दारू सोडवण्याचे औषध चोरून जेवणात घालू नये. त्यावर दारू पोटात गेली तर प्राणाशी गाठ पडू शकते.

३. त्याची उधारी गुपचूप फेडू नये, खोटे बोलून झाकू नये. पण त्याच्याशी बोलणे तोडू नये.

४. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काही खावे, जागा बदलावी, विश्वासाच्या माणसाला फोन लावावा.

५. पुन्हा पाऊल घसरले तर सगळे वाया गेले असे समजू नये. फुटवा दिसला म्हणून कोणी रान विकत नाही. कुदळ घेऊन पुन्हा जातो.

व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

तो मुलगा उपचार घेऊन भाईंदरला परत गेला. आता आठ महिने झाले. दिवाळीत एकदा घसरला, पण दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून सांगितले. पगार झाला की त्याच दिवशी पैसे आईच्या खात्यावर पाठवतो. पुढचे आज कोण सांगणार? मध्यंतरी तो गटऑफिसात आला होता. आम्ही बोललो होतो चारचौघांत, म्हणून त्याची माफीही चारचौघांतच मागितली.

पुढील अंकात खोडव्यातील पाचटाविषयी.

आपला,
ऊसविकास अधिकारी