मूलद्रव्ये : घरात, मातीत आणि आपल्या उसात



‘मूलद्रव्य’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातला वाटतो. पण ती रोज आपल्या हाताखालून जातात. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. काडेपेटीच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस, काडीच्या गुलात गंधक. बांगड्या-तारल्यात आयोडीन. पोफळीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचुदातले तांबे आणि चुन्यातले कॅल्शियम. छपराच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा.

आता बांदा भागातली आपली जमीन पाहू. लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. त्याचाच हा जांभा. लोहाच्या गंजामुळे तांबडा. वेंगुर्ले तालुक्यात रेडीला तर लोहखनिजाच्या खाणीच निघाल्या.

हेच लोह आणि ॲल्युमिनियम आम्लधर्मी जमिनीत स्फुरद धरून ठेवतात. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. पैसे आपण २३ किलोचे मोजतो. मुळांना मिळतो त्यातला थोडाच. घाटावर चुनखडीच्या जमिनीत उलटा प्रकार. तिथे लोह असूनही उसाला मिळत नाही आणि पाने केवडा पडतात. म्हणून घाटावरच्या पाहुण्याने जे खत टाकले तेच आपणही टाकावे, हे बरोबर नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १०० किलो शुद्ध साखरेत सुमारे ४२ किलो कार्बन, ५१ किलो ऑक्सिजन आणि साडेसहा किलो हायड्रोजन असतो. हे सगळे हवेतून आणि पाण्यातून येते. जमिनीतून गेलेले नत्र, स्फुरद, पालाश हे पाचटात, वाढ्यात, प्रेसमडमध्ये, मळीत आणि बगॅसच्या राखेत असतात. त्यातले जेवढे परत रानात जाईल तेवढी खताची बचत.

तेव्हा एवढे करा :

१. लागणीपूर्वी माती तपासून घ्या. रानात ८-१० ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्या.

२. आम्लता जास्त निघाली तर अहवालात सांगितला तेवढाच चुना लागणीआधी मातीत मिसळा. चुना आणि युरिया किंवा डीएपी एकत्र टाकू नका. नत्र उडून जाते.

३. स्फुरदाचे खत फोकू नका. कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत, मुळांजवळ द्या.

४. कुजवलेला प्रेसमड वापरा. रस स्वच्छ करताना घातलेला चुना त्यात उतरतो. स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्यही मिळते. जांभ्याच्या जमिनीला नेमके हेच हवे असते.

५. पाचट जाळू नका. नत्र आणि गंधक धुरात जातात. राखेत उरलेला पालाश आपला पहिलाच पाऊस वाहून नेतो.

माती तपासल्याशिवाय यंदा स्फुरदाचे एकही पोते उचलू नये, ही विनंती. नमुना कसा घ्यावा हे आपल्या गटाचा स्लिप बॉय रानात येऊन दाखवील.

— ऊस विकास अधिकारी