कंपनी टिकते, माउंट जातो

पनवेल आणि आसपासच्या गावांत कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्यांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. आगरी-कोळी घरांतल्या रात्र रात्र चालणाऱ्या हळदी, लग्नं, साखरपुडे, बारशी ही त्यांची मुख्य कमाई. शिवाय कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्ष्यांमागे फिरणारे हौशी लोक आहेतच. यांतले बरेच तरुण पहिला कॅमेरा हप्त्यावर घेतात आणि त्या वेळी त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: कॅनन, निकॉन की सोनी? एकदा उत्तर ठरलं की पुढे त्या नावाचा अभिमान धरला जातो, दुसऱ्या कंपनीवाल्याशी वाद घातले जातात. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. कॅमेऱ्याच्या धंद्याचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव असा आहे की ग्राहकाला फटका बसतो तो बहुधा कंपनी बुडाल्यामुळे नव्हे. कंपनी उत्तम चाललेली असताना ती तुमच्या लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी बैठक, सोडून देते, तेव्हा तो बसतो.

या विषयावर बोलताना सगळे कोडॅकचं उदाहरण देतात. 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला आणि तीच कंपनी जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली. गोष्ट खरी आहे, पण ती संचालकांनी शिकायची आहे. कोडॅकचा रोल मिळेनासा झाला तर त्याच कॅमेऱ्यात फुजीचा रोल बसत होता. ग्राहकाचं भांडवल शाबूत होतं. याउलट सॅमसंग बघा. 2010 पासून त्यांनी एनएक्स मालिका काढली, 2014 चा एनएक्स-1 तर भल्याभल्यांनी वाखाणला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपनीने कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतलं. सॅमसंगला काही झालं नाही. ज्यांनी एनएक्सच्या लेन्सेस घेतल्या होत्या, त्यांचा मार्ग मात्र तिथेच संपला. निकॉनने 2011 मध्ये आणलेली ‘निकॉन 1’ मालिका 2018 मध्ये बंद झाली. कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय 2006 मध्ये सोनीकडे गेला, सोनीने तोच ए-माउंट काही वर्षं चालवला, मग 2010 मध्ये ई-माउंट आणला आणि 2021 मध्ये ए-माउंटचे कॅमेरे विकणं थांबवलं. कॅननची ईओएस-एम मालिका 2012 ते 2023 एवढीच जगली. सोनी, कॅनन, निकॉन आजही बाजारात पाय रोवून आहेत.

असं का होतं, हे आकड्यांतून कळतं. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार 2010 मध्ये 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; 2023 मध्ये जेमतेम 77 लाख. छोटे खिशातले कॅमेरे मोबाइलने गिळले हे उघड आहे, पण लेन्स बदलता येणारे कॅमेरेही 2012 मधल्या सुमारे 2 कोटींवरून 60 लाखांच्या घरात आले. इतक्या आकसलेल्या बाजारात एका कंपनीला तीन-तीन माउंट पोसणं परवडत नाही. जो कमी खपतो तो जातो. यात ग्राहकाशी वैर नसतं, आणि त्याच्या निष्ठेची दखलही नसते.

सगळ्यांत बोलकी तुलना कॅनन आणि निकॉनची आहे. 1987 मध्ये कॅननने जुना एफडी माउंट टाकून ईएफ आणला. जुन्या लेन्सेस नव्या ईओएस कॅमेऱ्यांवर बसेनात, आणि त्या ग्राहकांचा संताप योग्यच होता. निकॉनने मात्र 1959 चा एफ माउंट जपला, म्हणून निष्ठावंतांनी निकॉनचा जयजयकार केला. पण ईएफमध्ये कॅमेरा आणि लेन्स यांचा सगळा संवाद विजेच्या संपर्कांतून होत होता, तर निकॉनच्या अनेक जुन्या लेन्सेस कॅमेऱ्यातल्या मोटरवर फोकस करत होत्या. 2018 मध्ये दोन्ही कंपन्या मोठ्या सेन्सरच्या मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळल्या तेव्हा ईएफ लेन्सेस साध्या अडॅप्टरने कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांवर व्यवस्थित चालू लागल्या. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-डीसारख्या त्या जुन्या लेन्सेसचा ऑटोफोकस गेला. तो हातानेच करावा लागतो. कॅननच्या ईओएस-एमवाल्यांची गत याहून वाईट. त्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर 18 मिलिमीटर, आरएफचं 20. एम मालिकेची लेन्स आरएफ बॉडीवर आणायला अडॅप्टरसाठी जागाच उरत नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन ग्राहकांपैकी एकाचं भांडवल तरलं, दुसऱ्याचं अडकलं. नाव एकच होतं. फरक माउंटमध्ये होता.

यावर जाणकार म्हणतील की एका कंपनीला धरून राहण्यात फायदाही असतो. तो असतोच. बटणं बोटांना पाठ होतात, आणि हळदीच्या अपुऱ्या उजेडात, नाचणाऱ्या गर्दीत तेच कामी येतं. गावातल्या चार फोटोग्राफरांकडे एकच माउंट असेल तर लेन्सची देवाणघेवाण होते, ऐनवेळी बॅटरी मिळते. शिवाय दर दोन वर्षांनी कंपनी बदलणारा प्रत्येक वेळी जुनं सामान पडेल भावात विकतो, तोही शहाणपणा नव्हे. मला हे सगळं मान्य आहे. पण हे फायदे माउंटचे आणि सवयीचे आहेत, नावाचे नव्हेत. चित्राच्या दर्जाबद्दल म्हणाल, तर निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले सेन्सर असतात. नावावरून भांडावं इतकं अंतर तिथे उरलेलं नाही. बंद पडलेल्या मालिकेचा कॅमेरा फोटो काढतच राहतो, हाही आक्षेप बरोबर आहे. हौशी माणसाला तेवढं पुरतं. धंदा करणाऱ्याला मात्र सुटे भाग, दुरुस्ती आणि विकताना गिऱ्हाईक लागतं, आणि तिथेच गाडी अडते.

म्हणून पैसे गुंतवताना क्रम उलटा करावा, असं मी सांगेन. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होणार हे धरून चाला आणि तिच्यावर कमी खर्च करा. आपल्या कामाला लागणाऱ्या दोन लेन्सेस आधी ठरवा. रात्रीच्या समारंभांना मोठ्या छिद्राची प्राइम, पक्ष्यांना लांब पल्ल्याची टेली. मग त्या कोणत्या माउंटमध्ये, किती किमतीला, किती कंपन्यांकडून मिळतात ते बघा. सोनीने ई-माउंटची मूलभूत माहिती 2011 मध्येच इतर उत्पादकांना खुली केली, म्हणून सिग्मा, टॅमरॉनच्या स्वस्त लेन्सेस तिथे भरपूर आहेत. कॅननने आरएफ बराच काळ बंद ठेवला आणि 2024 मध्ये छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती सिग्मा, टॅमरॉनला परवानगी दिली. वर्षातून दोनदाच लागणारी महागडी लेन्स भाड्याने आणा. आणि ज्यांच्याकडे आज ईएफ लेन्सेस आहेत त्यांनी मिररलेसच्या गजरात घाबरून त्या फुंकून टाकू नयेत. अडॅप्टर लावून त्या अजून कितीतरी हंगाम पैसे मिळवून देतील.

खरेदीसाठी हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या दुकानांत जाल, तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. या माउंटची नवी लेन्स शेवटची कधी आली? दुरुस्ती कुठे होते? आणि हीच वस्तू तीन वर्षं वापरून आणली तर तुम्ही कितीला घ्याल? तिसऱ्या प्रश्नाला त्याने आकडा सांगितला नाही, तर हप्त्याच्या कागदावर सही करू नका.