भाचीस पत्र

चि. बाळ,



तुझे पत्र पोहोचले. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याचा हुकूम निघाला असून, पत्रांच्या मसुद्यापासून अर्जांच्या छाननीपर्यंत सर्वच कामे त्या यंत्राकडे सोपवावीत असा आग्रह वरिष्ठ धरीत आहेत आणि तुझे मन मात्र द्विधा झाले आहे, हे वाचून मला समाधानच वाटले. कारण ज्या खात्यात माणसांच्या उपजीविकेचा निकाल लागतो, तेथे हात थबकणे हा दोष नव्हे.

यंत्राला दूर ठेव, असे मी सांगणार नाही. इंग्रजी परिपत्रकांचे मराठी आमच्या दफ्तरात इतके क्लिष्ट होत असे, की सूचनाफलकापुढे उभा राहिलेला कामगार अखेर शिपायालाच अर्थ विचारी. तेच काम आता घटकाभरात सुबोध भाषेत होत असेल, तर त्याचा लाभ जरूर घे. मात्र ती सूचना कोण वाचणार, कोणत्या नियमाच्या आधारे निघणार, तीत काय नसावे, हे नव्या कारकुनाला बजावावे तसे यंत्राला सांग, कंपनीची नियमावली त्याच्यापुढे ठेव, आणि हाती येईल तो मजकूर मूळ कलमाशी ताडून पाहा. प्रसूतिरजेचेच घे. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली हे खरे. परंतु आधीची दोन अपत्ये हयात असतील तर ती १२ आठवड्यांचीच मिळते. यंत्राने हा अपवाद गाळला, तरी त्याचा सूर तितकाच ठाम राहील, आणि त्या उत्तरावर विसंबून घराची तजवीज करणारी बाई उद्या तुझ्याच मेजापुढे उभी राहील.

छाननीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. अमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्जांना गुण देणारी एक प्रणाली रचली होती. ती आजच्यासारखी लिहिणारी नव्हती. पण मागील दहा वर्षांच्या ज्या अर्जांवरून ती शिकली, ते बहुतांशी पुरुषांचे असल्यामुळे, अर्जात स्त्रियांच्या एखाद्या मंडळाचा उल्लेख दिसला की ती गुण कमी करी. कंपनीने ती मोडीत काढली आणि २०१८ साली हे जगापुढे आले. कोणीही दुष्टबुद्धीने काही केले नव्हते. जुन्या दफ्तरातील पक्षपातच नव्या यंत्रात उतरला होता. म्हणून यंत्राने बाजूला सारलेले अर्जही तू स्वतः वाच.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, ते ऐक. पुष्कळ वर्षांपूर्वी, हजेरीपटावरील सलग अकरा दिवसांची गैरहजेरी पाहून, छापील नमुन्यावर नाव घातलेल्या आरोपपत्रावर मी सही केली. तो कामगार समोर येऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, माझा खुलासा कोणी वाचला?" त्याची पत्नी रुग्णालयात होती, आणि तसे लिहिलेली त्याची चिठ्ठी माझ्याच फायलीत होती. मला उत्तर देता आले नाही. आरोपपत्र मी मागे घेतले. पण त्यानंतर त्याने माझ्या खात्यात पाऊल टाकले नाही. छापील नमुना निदान कोरडा तरी दिसे. तुझे यंत्र तर सहानुभूतीचे शब्दही घालील, आणि वाचणाऱ्यास वाटेल की कोणीतरी आपली कैफियत ऐकली. ज्या निर्णयाचे कारण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून तुला सांगता येणार नाही, त्यावर सही करू नकोस.

आणखी एक. कोणाचे आजारपण, पगार, आधार क्रमांक, विशेषतः लैंगिक छळाची तक्रार, यांतले अक्षरही बाहेरच्या यंत्रात घालू नकोस. अशा तक्रारीची गुप्तता २०१३ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदाही झाला आहे.

वार्षिक मूल्यमापनाचे जे शेरे तू यंत्राकडून लिहून घेतलेस म्हणतेस, त्यांतील नावे खोडून पुढच्या रविवारी कागद घेऊन ये. आपण दोघे ते सावकाश वाचू. तुझी मामी वाट पाहत आहे.

तुझा,
मामा